जुन्या लांकडांतील लपलेलें लोखंड

गेल्या वर्षीं उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीं आमच्या सुतारकामाच्या वर्गांत एक सागवानी तुळई येऊन पडली. इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्याच्या घराण्याचें कोंकणांतील जुनें घर मोडावयास काढलें होतें. वासे, खांब, दारें असा पुष्कळसा माल व्यापाऱ्यानें उचलून नेला, परंतु माजघरांतील ही एक तुळई विकावयास त्याच्या आजीचें मन होईना. "हिच्यांतून नातवाला अभ्यासाचें मेज करून द्या," असा निरोप घेऊन ती आमच्याकडे आली. नऊ फूट लांब, आठ इंच रुंद व सहा इंच जाड. वरून धुरानें आणि रंगाच्या थरांनीं काळीकुट्ट झालेली, परंतु एका टोंकाला रंध्याचा एक हात मारतांच आंत मधासारखा रंग व सागाचा तो ओळखीचा वास. पिढ्यान्‌पिढ्या छपराखालीं वाळलेलें असें लांकूड आज वखारींत पैसे मोजूनहि सहसा मिळत नाहीं. मुलें त्याच दिवशीं तें करवतीवर चढवावयास उतावीळ झालीं होतीं. मीं त्यांस थांबविलें. कां थांबविलें, आणि पुढील तीन आठवड्यांत आम्हीं काय केलें, तें येथें सांगावयाचें आहे.

जुनें लांकूड बहुधा एकटें येत नाहीं. पूर्वायुष्यांतील लोखंड पोटांत घेऊन येतें. कोणी कधीं ठोकलेला खिळा, डोकें तुटून आंत राहिलेला स्क्रू, एखादी बारीक चूक, पडद्याच्या दांडीचा आंकडा, अशा पुष्कळ वस्तु पृष्ठभागावर मुळींच दिसत नाहींत. डोकें गंजून झडतें, भोंकांत लुकण भरलें जातें, त्यावर रंगाचे चार हात चढतात, आणि लोखंड झाकून जातें. हातानें काम करणाऱ्या सुताराचें यामुळें होणारें नुकसान मर्यादित असतें. रंध्याचें पातें खिळ्यावर गेलें तर धारेला खांडा पडतो. सुतार दोन शब्द पुटपुटतो आणि धार लावीत बसतो.

यंत्राची गोष्ट निराळी. चकतीची करवत किंवा विजेचा रंधा मिनिटास कित्येक हजार फेरे घेतो. आजकाल चकतीच्या दांतांना टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण पदार्थाचीं टोंकें डकविलेलीं असतात. विद्यार्थ्यांनीं येथें एक भेद ध्यानांत ठेवावा: कठीण असणें व चिवट असणें हे दोन निराळे गुण आहेत. कांच कठीण आहे पण चिवट नाहीं. तांबें चिवट आहे पण फारसें कठीण नाहीं. कार्बाइडचा दांत लांकूड महिनोन्‌महिने कापील, परंतु पोलादी खिळ्यावर आदळला तर कांचेसारखा तडकूं शकतो, आणि तुटलेली ठिकरी गोफणींतल्या दगडाप्रमाणें सुटते. ती कोठें जाईल याचा नेम नसतो. शिवाय खिळ्यावरून उडालेली ठिणगी भुशाच्या ढिगांत पडली तर ती आंतल्या आंत धुमसत राहते, आणि सुतारशाळेला कुलूप लावून सर्वजण घरीं गेल्यावर तो ढीग पेट घेऊं शकतो.

हें सर्व मी पुस्तकांतून सांगत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं मीं एका मिस्त्रींकडे जुन्या दाराच्या फळ्या रंधावयास दिल्या होत्या. "यांत खिळा नाहीं ना, मास्तर?" त्यांनीं विचारलें. "नाहीं, सगळे काढले आहेत," मीं सांगितलें. मला दिसत होते तेवढे मीं काढले होते. तिसऱ्या फळीवर विजेच्या रंध्याचें पातें फुटलें, आणि त्याचा गव्हाएवढा तुकडा मिस्त्रींच्या भुंवईंत रुतला. अर्ध्या इंचानें डोळा वांचला. पट्टी बांधून झाल्यावर ते रागावले नाहींत, एवढेंच म्हणाले, "मास्तर, ठाऊक नव्हतें, तर ठाऊक नाहीं म्हणायचें होतें." तेव्हांपासून "सगळे काढले" हें वाक्य मी उच्चारीत नाहीं, व माझ्या विद्यार्थ्यांसहि उच्चारूं देत नाहीं.

आतां शोधाकडे वळूं. लपलेला खिळा शोधण्याचें पहिलें साधन चुंबक नव्हे, चौकशी होय. लांकूड कोणत्या कामांतून आलें हें कळलें म्हणजे लोखंड कोठें असेल याचा पुष्कळसा अंदाज बसल्या जागीं येतो. आपल्याकडील जुन्या वाड्यांत खांब व तुळया यांचे सांधे एका लांकडाचें कुसूं दुसऱ्याच्या भोंकांत बसवून आणि आरपार लांकडी खुंटी मारून केलेले असत. त्यांत लोखंड फारसें लागत नसे. छपराच्या वाशांचें मात्र तसें नाहीं, आणि त्याचा संबंध कौलांच्या इतिहासाशीं आहे. पूर्वींचीं देशी कौलें बांबूच्या किंवा काठ्यांच्या बांधलेल्या जाळीवर अंथरीत. १८६५ सालीं बासेल मिशनच्या मंडळींनीं मंगळूर येथें यंत्रानें कौलें करण्याचा कारखाना काढला, आणि तीं चपटीं, खांचेचीं 'मंगळोरी' कौलें हळूहळू किनाऱ्यावर आणि घाटावर सर्वत्र पसरलीं. त्या कौलांना टेकावयास सारख्या अंतरावर रिपा लागतात, व प्रत्येक रीप वाशावर खिळ्यानें ठोकावी लागते. दोन रिपांमधील अंतर कौलाच्या मापानें ठरतें. तें एक फुटाहून किंचित् अधिक असतें. म्हणून मंगळोरी छपराचा वासा हातीं आला आणि त्यावर एक खिळा सांपडला, कीं फूटपट्टी घेऊन पुढील खिळ्यांच्या जागा खडूनें मांडून ठेवतां येतात. एखाद्या खुणेवर खिळा दिसला नाहीं, तर तो तेथें नाहींच असें न समजतां मोडून आंत राहिला असावा असें धरून चालावें.

याच न्यायानें दाराच्या चौकटींत बिजागऱ्यांच्या व कडीकोयंड्याच्या जागीं स्क्रू असणार, खिडकीच्या चौकटींत गजांचीं टोंकें असणार, आणि दाराच्या गणेशपट्टींत तोरणाच्या चुका असणार. दर दसऱ्याला घरांतील कोणीतरी उत्साही माणूस नवी चूक ठोकतो; जुनी काढण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. अशा एका पट्टींतून आमच्या मुलांनीं एकेचाळीस चुका काढल्या होत्या! मालाच्या खोक्यांच्या फळ्यांत तारेचे टांके सांपडतात. रेल्वेच्या जुन्या लांकडी स्लीपरांत मोठ्या मेखा असतात आणि रुळांलगतची खडीहि रुतलेली असते. परंतु त्यांना क्रिओसोट नांवाचें डांबरी तेल पाजलेलें असतें, म्हणून घरांतील सामानासाठीं ते घेऊंच नयेत.

कांहीं लोखंड तर झाड उभें असतांनाच आंत शिरलेलें असतें. कुंपणाची तार, दुकानाची पाटी, आणि आपल्याकडे खेड्यापाड्यांत कोणाच्या तरी भीतीपोटीं ठोकलेला बिब्ब्यालिंबाचा खिळा, हें सर्व झाड वर्षांगणिक नवा थर चढवून गिळून टाकतें. येथें मुलांची एक ठराविक चूक होते. त्यांना वाटतें कीं झाड वाढेल तसा खिळाहि वर वर जाईल. परंतु झाडाची उंची शेंड्याकडून वाढते. बुंधा केवळ जाड होतो. छातीइतक्या उंचीवर मारलेला खिळा पन्नास वर्षांनींहि त्याच उंचीवर असतो, फक्त खोल गेलेला असतो. म्हणून ओंडक्याच्या बुंध्याकडील माणसाच्या हाताच्या टप्प्यांतील भागाविषयीं अधिक संशय बाळगावा. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत फ्रान्सच्या पूर्वेकडील जंगलांवर तोफांचा वर्षाव झाला. तेथील झाडांत गोळ्यांच्या ठिकऱ्या इतक्या रुतून बसल्या कीं अशा लांकडाला त्या देशांत वेगळें नांवच पडलें, आणि करवतवाले पुढें कित्येक दशकें तें घ्यावयास कचरत असत. आपल्याकडील पुणें वगैरे शहरांत अलीकडे तरुण मंडळी झाडांतील खिळे उपटण्याच्या मोहिमा काढतात. त्यांचे उपकार झाडांवर तर आहेतच, पण पुढें केव्हांतरी त्या लांकडावर करवत चालविणाऱ्या अज्ञात माणसावरहि आहेत.

चौकशीनंतर डोळे. तत्पूर्वीं तारेच्या ब्रशानें लांकूड स्वच्छ घांसावें, कारण वाळू, चुना व सिमेंट हींहि धारेचे शत्रूच होत, आणि त्यांना कोणतेंच चुंबक दाखवीत नाहीं. जुना रंग मात्र कोरडा खरवडूं नये. जुन्या तेलरंगांत बहुधा शिशाचा अंश असतो आणि त्याची धूळ श्वासाबरोबर पोटांत जाणें लहान मुलांस विशेष घातक असतें. रंग ओला करून, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधून, मोठ्यांनींच तो काढावा. मग लांकूड उघड्यावर नेऊन तिरप्या उन्हांत पाहावें. सकाळचें किंवा सायंकाळचें ऊन पृष्ठभागास लागून गेलें म्हणजे भर दुपारीं न दिसणारा बारीकसा खळगाहि आपली सावली टाकतो. जेथें रेषांचा प्रवाह अकारण तुटतो, जेथें गोल ठिपका आहे, जेथें लुकणाचा मऊ डाग नखाला लागतो, तेथें खडूनें वर्तुळ काढावें.

लोखंडाचा आणखी एक साक्षीदार म्हणजे त्याचा काळा डाग. हिरड्याचा काढा व हिराकस यांपासून आपल्याकडे पूर्वीं काळी शाई करीत, हें घरांतील वडील माणसांस ठाऊक असेल. हिरड्यांत टॅनिन नांवाचा तुरट पदार्थ आहे व हिराकशींत लोह आहे. दोहोंची गांठ पडली कीं काळा रंग उत्पन्न होतो. खैर, बाभूळ किंवा विलायतेंतील ओक यांच्या लांकडांत टॅनिन भरपूर असल्यामुळें ओल लागतांच खिळा आपल्याभोंवतीं स्वतःची शाई करूं लागतो, आणि निळसर काळा पट्टा लांकडाच्या रेषांबरोबर वर-खालीं पसरतो. असा ज्योतीच्या आकाराचा डाग दिसला तर त्याच्या मध्यावर लोखंड आहे किंवा होतें, असें जवळजवळ निश्चित समजावें. मुलांनीं घरीं प्रयोग करून पाहावा: कडक, बिनदुधाच्या चहांत गंजलेला खिळा रात्रभर टाकून ठेवावा आणि सकाळीं चहाचा रंग पाहावा. (तो चहा पिऊं नये, हें सांगावयास नकोच.)

परंतु आमची तुळई सागाची होती, आणि साग या बाबतींत फसवा आहे. त्यांतील तेलकट अंशामुळें लोखंड सहसा लवकर गंजत नाहीं, आणि डाग पडला तरी बहुधा फिका पडतो. याच गुणामुळें जहाजें बांधणाऱ्यांस साग प्रिय होता. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं सागवानी जहाजें बांधलीं. त्यांपैकीं १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें 'ट्रिंकोमाली' हें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि तरंगत आहे. जहाजाच्या दृष्टीनें जें उत्तम तेंच आम्हांस अडचणीचें झालें. कारण सागांत दडलेला खिळा जसा गुपचूप राहतो तसाच तो दणकटहि राहतो.

म्हणून पुढचें साधन चुंबक. बाजारांत मिळणारें नालाच्या आकाराचें साधें चुंबक या कामीं दुबळें ठरतें. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभीं जपानांत व अमेरिकेंत निओडिमियम धातूचें जें जबर चुंबक निघालें, तें पाहिजे. मोडक्या संगणकाच्या हार्ड डिस्कमध्यें असलीं चुंबकें असतात. आमच्या वर्गांतील सर्व चुंबकें अशींच मिळविलेलीं आहेत. चुंबक हातांत धरून फिरविण्यापेक्षां बारीक दोऱ्यानें टांगावें, आणि लांकडाला जवळजवळ लागेल असें पण न लागतां, इंच इंच सरकवावें. हाताला जी ओढ कळत नाहीं ती टांगलेल्या चुंबकाला कळते; तें चटकन् एका अंगाला झुकतें. पालकांस मात्र एक सूचना: हीं चुंबकें लहान भावंडांच्या हातीं पडूं देऊं नयेत. दोन चुंबकें गिळलीं गेल्यास तीं आंतड्याच्या वळ्यांतून एकमेकांस चिकटून जिवावरचें संकट ओढवतें.

चुंबकाच्या दोन मर्यादा आहेत. पहिली ही, कीं पितळ, तांबें, शिसें, ॲल्युमिनियम यांस तें ओळखीत नाहीं, आणि न गंजणाऱ्या पोलादाच्याहि कांहीं जाती त्याला दाद देत नाहींत. दुसरी मर्यादा अंतराची. अंतर दुप्पट झालें म्हणजे ओढ निम्मी होते असा मुलांचा समज असतो. वास्तविक ती कितीतरी पट घटते. पृष्ठभागालगतच्या बारीक चुकेवर नाचणारें चुंबक तीन इंच खोल असलेल्या जाड मेखेवर स्वस्थ राहूं शकतें.

डोळे व चुंबक यांच्या साह्यानें आम्हीं तुळईंतून तेवीस खिळे व चुका काढल्या. खालच्या अंगाला झोपाळ्याच्या कड्यांचीं दोन मोठीं भोंकें होतीं. कड्या घर मोडणाऱ्यांनींच काढून नेल्या होत्या, व भोंकें आरपार मोकळीं होतीं. चारी अंगांनीं पुन्हां चुंबक फिरविलें. तें हललें नाहीं. मीं तुळईवर पेन्सिलीनें करवतीच्या रेघा आंखल्या. एका विद्यार्थ्यानें उत्साहानें तिच्यावर खडूनें 'निर्धोक' असें लिहिलेंहि!

त्याच आठवड्यांत पालकांच्या भेटीचा दिवस होता. तुळईवाल्या मुलाची आजी आवर्जून आली. तिनें तुळईवर हात फिरविला, भोंकांकडे पाहिलें, आणि मला विचारलें,

"मास्तर, झोपाळ्याची तुटकी कडी काढलीत का हो?"

"दोन्ही कड्या आधींच काढलेल्या होत्या, आजी."

"दोन नव्हे, तीन. पहिली कडी माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळींत तुटली. धाकटे भावजी झोपाळ्यावर होते, ते तोंडावर आपटले. दांत पडला त्यांचा. मग सुतारानें वितीवर दुसरी कडी बसविली, आणि जुन्या भोंकांत खुंटी मारून वरून रंग दिला. देंठ कांहीं निघाला नाहीं. तो आंतच आहे."

नातू म्हणाला, "आजी, हें तूं आधीं कां नाहीं सांगितलेंस?"

"तुम्हीं विचारलेंत कुठें?" आजी म्हणाली.

चौकशी हें पहिलें साधन असें वर्गांत दरवर्षीं सांगणारा मीच. आणि जिच्या डोळ्यांदेखत साठ वर्षें ती तुळई वर होती, त्या बाईंस विचारावयाचें माझ्या मनांत आलें नव्हतें. मीं खडूचें तें अक्षर स्वतः पुसलें.

दुसऱ्या दिवशीं एका ओळखीच्या वीजतंत्र्याकडून धातुशोधक यंत्र मागून आणलें. विमानतळावर शिपाई अंगावरून जी काठी फिरवितो तिचेंच हें भावंड. त्याचें तत्त्व आपल्या शास्त्राच्या पुस्तकांत आहेच. १८३१ सालीं मायकेल फॅराडे यानें दाखविलें, कीं चुंबकीय क्षेत्र बदलत असतां त्यांतील धातूंत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. यंत्रांतील तारेच्या वेटोळ्यांतून सतत उलटसुलट होणारा प्रवाह सोडतात. जवळ धातु आली कीं तींत पाण्याच्या भोंवऱ्यासारखे प्रवाह फिरूं लागतात. त्या प्रवाहांचें स्वतःचें क्षेत्र वेटोळ्यास जाणवतें, आणि यंत्र गुणगुणतें. धातु लोखंडच असली पाहिजे असें नाहीं. पितळ व शिसें हींहि यांत सांपडतात. मात्र वस्तु जितकी लहान तितकी ती जवळ असावी लागते. बारीक चुकेस इंचभर खोलीहि पुष्कळ होते.

या यंत्राच्या पूर्वजाची एक करुण कथा आहे. २ जुलै १८८१ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टन येथें गोळ्या झाडण्यांत आल्या, आणि एक गोळी शरीरांत कोठें राहिली हें वैद्यांस कळेना. टेलिफोनचा शोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें अशाच तत्त्वावरचें उपकरण घाईघाईनें सिद्ध केलें. यादवी युद्धांतील जुन्या सैनिकांच्या अंगांत राहिलेल्या गोळ्यांवर त्यानें तें पारखून पाहिलें होतें. परंतु अध्यक्षांच्या शय्येपाशीं उपकरणानें गोंधळाचे सूर काढले. मागाहून कळलें कीं गादीखालीं पोलादी तारांची दुसरी गादी होती. शिवाय मुख्य वैद्यानें उजवी बाजूच तपासूं दिली, आणि गोळी तर डावीकडे होती. १९ सप्टेंबर रोजीं अध्यक्ष निवर्तले. मुलांस मीं ही गोष्ट सांगितली तेव्हां एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, आपल्या टेबलालाहि खिळे आहेत." खरेंच होतें. आम्हीं तुळई उचलून बाहेर झाडाखालीं दोन दगडांवर ठेवली, हातांतलीं घड्याळें व बांगड्या काढल्या, आणि मग चारी अंगांनीं यंत्र फिरविलें. प्रत्येकानें एक बाजू तपासावी आणि दुसऱ्यानें तीच पुन्हां, न सांगतां, तपासावी असा नियम केला.

आजीनें सांगितलेल्या जागीं यंत्र मंदपणें पण निश्चित गुणगुणलें. शिवाय आणखी दोन ठिकाणीं, जेथें आमचा कोणाचाच संशय नव्हता, तेथेंहि तें बोललें. ते दोन मोडके खिळे निघाले. कडीच्या जागेवरील रंग ओला करून काढतांच खुंटीचें गोल तोंड दिसलें. भोंवतालच्या लांकडाच्या रेषा लांबट, आणि तेवढ्या वर्तुळांत मात्र आडव्या कापाचे बारीक ठिपके. साठ वर्षांपूर्वींच्या त्या सुताराचा हात इतका साफ होता कीं सांध्यांत नख शिरत नव्हतें.

काढण्याविषयीं थोडें सांगतों. डोकें वर असलेला खिळा पकडीनें उपटतांना पकडीखालीं फळीचा तुकडा ठेवावा, नाहींतर लांकडावर खळगा पडतो. टोंक पलीकडे निघालें असेल तर तिकडून पोंचानें ठोकून डोकें वर आणावें. अडलेला स्क्रू आधीं किंचित् आवळावा, मग सोडवावा. तरीहि न निघाल्यास तापविलेल्या सळईचें टोंक त्याच्या डोक्यास टेकवून थंड होऊं द्यावें, म्हणजे गंजाची पकड सुटते. ज्याचें डोकेंच नाहीं अशा खिळ्यासाठीं दांतेरी पोलादी नळीनें भोंवतालचें लांकूड कोरून खिळ्यासकट गाभा बाहेर काढावा, व त्या भोंकांत त्याच जातीच्या लांकडाची खुंटी बसवावी. कडीच्या देंठासाठीं आम्हांस हाच उपाय करावा लागला. आधीं गिरमिटानें जुनी खुंटी पोखरून काढली. तीन इंच खालीं लोखंडाचें तोंड लागलें. मग नळी चालविली. देंठ बाहेर आला तो अंगठ्याएवढा जाड व तीन इंच लांब होता. वरचा गंज खरवडतांच आंत चकचकीत. मीं आंखलेली दुसरी रेघ बरोबर त्याच्यावरून जात होती. मुलांनीं तो देंठ पेन्सिलीच्या रेघेवर ठेवून पाहिला, आणि कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं.

शेवटीं तुळई घेऊन आम्ही करवतीच्या गिरणीवर गेलों. गिरणीवाल्यांनीं नेहमींचा प्रश्न विचारला, "खिळा नाहीं ना?" मुलें माझ्याकडे पाहूं लागलीं. मीं सांगितलें, "सव्वीस काढले. चुंबक व यंत्र चारी अंगांनीं दोनदां फिरविलें. याहून अधिक मला ठाऊक नाहीं." कारागिरानें मान हलविली, डोळ्यांवर जाड चष्मा चढविला, आम्हां सर्वांस चकतीच्या रेषेपासून बाजूला उभें केलें, आणि लांकूड नेहमींपेक्षां सावकाश पुढें सारलें. मी मात्र ते चार काप संपेपर्यंत त्याच्या तोंडाकडेच पाहत होतों.

करवत सुरळीत चालली. तिसरी फळी उलटली तेव्हां तिच्या कडेजवळ एक पिवळा ठिपका चमकला. ती बारीकशी पितळी चूक होती, करवतीनें मधोमध कापलेली. चुंबकाला ती दिसणें शक्य नव्हतें, आणि एवढ्या खोलीवर यंत्रालाहि ती कळली नव्हती. पितळ मऊ म्हणून दांत शाबूत राहिले. मेज दसऱ्याच्या आधीं पुरें झालें. तो ठिपका त्याच्या उजव्या कोंपऱ्यांत अजून आहे. मुलानें तो काढूं दिला नाहीं. कडीचा देंठ आजीनें घरीं नेला. भावजींस दाखवावयाचा आहे, असें ती म्हणाली.